मायक्रोटिकवर नॅट चालू आहे, पण बाहेरून कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरशी जोडणी होत नाही

संस्था_कार्यालय:
नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात मायक्रोटिकचा राउटर आहे आणि इंटरनेट पीपीपीओई (पुरवठादाराने दिलेले नाव आणि पासवर्ड वापरून होणाऱ्या) जोडणीवर येते. नॅटच्या (डेटाच्या पॅकेटांवरील पत्ते बदलून देणाऱ्या यंत्रणेच्या) 'एसआरसी-नॅट' चेनमध्ये, म्हणजे नियमांच्या यादीत, मास्करेडचा (बाहेर जाणाऱ्या पॅकेटांना राउटरचा बाहेरचा पत्ता लावण्याचा) नियम लिहिल्यापासून आतल्या सर्व संगणकांना इंटरनेट व्यवस्थित मिळते. अडचण उलट दिशेची आहे. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर १९२.१६८.८८.२० या पत्त्यावर, ८००० क्रमांकाच्या पोर्टवर आहे. समितीच्या सदस्यांना तो घरून पाहता यावा म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी रेकॉर्डरकडे वळवणे) केले, तरीही मोबाइल डेटावरून जोडणी होत नाही. पीपीपीओई इंटरफेसवर १००.८२ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. नियमात काय राहिले असावे?

पॅकेट_निरीक्षक:
नियमांना हात लावण्यापूर्वी त्या पत्त्याकडे पाहावे. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते २०१२ साली सेवा पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. म्हणजेच तुमच्या राउटरच्या पुढे पुरवठादाराकडे आणखी एक नॅट आहे, ज्याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४, म्हणजे अशा चार आकड्यांच्या, पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपल्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देण्याची ही पद्धत आता सर्रास आढळते.

आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी, कोणत्या अंतर्गत पत्त्याला आणि पोर्टला बाहेरचा कोणता पोर्ट दिला, याची नोंद नॅट आपल्या तक्त्यात करतो आणि परत येणारे पॅकेट त्या नोंदीवरूनच योग्य ठिकाणी पोचवतो. बाहेरून नव्याने येणाऱ्या जोडणीची अशी नोंद पुरवठादाराच्या तक्त्यात नसते, त्यामुळे ती तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. खात्री करण्यासाठी मोबाइलवरून प्रयत्न करताना पोर्ट फॉरवर्डिंगच्या 'डीएसटी-नॅट' नियमासमोरचा पॅकेटांचा आकडा वाढतो का ते पाहावे. तो वाढत नसेल, तर पुरवठादाराकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे हा सरळ मार्ग आहे.

तारजोडणी:
स्थिर पत्ता मिळाल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. नियमातील 'इन-इंटरफेस' (पॅकेट आत येण्याचा मार्ग) पीपीपीओईचा असावा, ज्या भौतिक पोर्टवर ती जोडणी येते त्याचा नव्हे. तसेच 'डीएसटी-नॅट'ने पॅकेटवरील पत्ता बदलल्यानंतरच ते फायरवॉलच्या 'फॉरवर्ड' चेनमध्ये येते, म्हणून तिथल्या नियमात रेकॉर्डरचा अंतर्गत पत्ता लिहावा लागतो. कार्यालयात बसून सार्वजनिक पत्त्याने चाचणी घेऊ नये; त्यासाठी हेअरपिन नॅटचा (आतून निघून पुन्हा आतच वळणाऱ्या जोडणीचा) वेगळा नियम लागतो आणि तो नसताना आलेले अपयश दिशाभूल करते.

सुरक्षा_आधी:
माझा आग्रह आहे की रेकॉर्डरचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडूच नये. २०१६ साली मिराई या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या प्रमाणावर ताब्यात घेऊन त्यांचाच हल्ल्यासाठी वापर केला. संस्थेतल्या रहिवाशांची ये-जा ज्यात साठवली जाते, ते यंत्र परक्यांच्या हाती जाणे फार गंभीर आहे. मायक्रोटिकच्या राउटर-ओएस या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत वायरगार्ड (सुरक्षित खासगी बोगदा, म्हणजेच व्हीपीएन) उपलब्ध आहे. फक्त त्याचाच यूडीपी पोर्ट उघडा ठेवावा आणि सदस्यांनी त्या बोगद्यातून अंतर्गत पत्त्यावर यावे. मग रेकॉर्डरसाठी पोर्ट फॉरवर्डिंगची गरजच उरत नाही. सार्वजनिक पत्ता मात्र यासाठीही लागेल.

संस्था_कार्यालय:
सर्वांचे आभार. नियमासमोरचा आकडा शून्यच राहतो. स्थिर पत्त्यासाठी अर्ज करतो आणि वायरगार्डच वापरतो. पत्ता मिळाल्यावर मास्करेड बदलावा लागेल का?

पॅकेट_निरीक्षक:
मास्करेड चालेल, परंतु जोडणी तुटली की तो आपल्या नोंदी पुसून टाकतो, कारण पुढच्या वेळी पत्ता वेगळा असू शकतो असे तो गृहीत धरतो. पत्ता कायम असल्यास 'ॲक्शन'मध्ये 'एसआरसी-नॅट' निवडून 'टू-ॲड्रेसेस'मध्ये तो स्पष्टपणे लिहिणे अधिक योग्य ठरेल.