मदत हवी आहे: विषयांच्या मध्यकांची बेरीज एकूण गुणांच्या मध्यकाशी जुळत का नाही?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढे एका खेड्यातल्या शाळेत मी दहावीला गणित शिकवते. वर्गात 24 पोरं. सराव परीक्षेच्या गुणांत एक कोडं पडलंय, दोन रात्री गेल्या. (हो, सांख्यिकीचा धडा मीच शिकवते. हसू नका.)

आधी आम्ही विषयाची सरासरी काढायचो. पण तीन पोरं नव्वदीच्या घरातली, ती सरासरी ओढून वर नेतात आणि बाकीचा वर्ग कुठे आहे ते दिसतच नाही. म्हणून यंदा मध्यक काढला, म्हणजे गुण चढत्या क्रमानं लावले की मधोमध येणारा आकडा. (पुस्तकात सरासरी म्हणजे मध्य आणि मीडियन म्हणजे मध्यक. त्या एका 'क'पायी पोरंच काय, अख्खी स्टाफरूम गोंधळते.) सहा विषयांचे मध्यक मिळवले, 600 पैकी 352 आले. मुख्याध्यापकांना सांगूनही टाकलं की आपला मधला विद्यार्थी 352 वर आहे. मग प्रत्येकाची बेरीज करून तिचा मध्यक काढला, तर 331! 21 गुण गेले कुठे? बेरजा तीनदा तपासल्या. सरासरीचं असं कधी झालं नव्हतं.

आणखी एक. गणिताच्या लेखीचा मध्यक 80 पैकी 31.5, म्हणजे 39 टक्के. अंतर्गतचे 20 धरले की 100 पैकी 49.5. दहा टक्के वाढले आणि शिकवलं तर काहीच नाही.

मध्यकावरून अंतिम निकालाचा अंदाज बांधावा की नाही? जादा तास कुठल्या विषयाचे घ्यायचे ते त्यावरच ठरणार आहे.

पऱ्हाटी: मॅडम, बेरजा बरोबर आहेत, जोडणी चुकली. मधलं पोरगं प्रत्येक विषयात वेगळं असतं. तीन पोरं घ्या. गणितात 35, 40, 80. त्याच क्रमानं मराठीत 70, 50, 75. मध्यक 40 आणि 70, मिळून 110. पण एकूण गुण होतात 105, 90, 155, त्यांचा मध्यक 105. गणितात मधला दुसरा, मराठीत पहिला. सरासऱ्या मिळवता येतात, मध्यक नाही. आधी पोराची बेरीज, मग मध्यक. बेस्ट ऑफ फाइव्ह धराल तर प्रत्येकाचा सुटणारा विषयही वेगळा, तेव्हा तेही पोरागणिकच करा.

अंतर्गतमध्ये बहुतेकांना 18 दिले असतील ना? सगळ्यांना सारखेच मिळाले की मध्यक तेवढाच सरकतो, क्रम हलत नाही. शिकवण्याचा अंदाज घ्यायचा तर लेखीच बघा.

आणि 31.5 म्हणजे सम संख्येमुळे 12 व्या-13 व्याची सरासरी. ते दोघं किती-किती वर आहेत?

धागाकर्ती: 22 आणि 41.

पऱ्हाटी: मग राजेहो, त्या मध्यकावर कोणी बसलेलंच नाही! तुमच्या एका वर्गात दोन वर्ग आहेत. खालच्या 12 चा आणि वरच्या 12 चा मध्यक वेगवेगळा काढा.

धागाकर्ती: काढला. खाली 14.5, वर 58. हजेरीपट शेजारी ठेवला तर खालच्या 12 मधले 9 जण दिवाळीनंतर कापूस वेचणीत घरच्यांबरोबर वावरात होते, भूमितीची दोन प्रकरणं त्यांची बुडालीच आहेत. मी मात्र पूर्ण वर्गासाठी इंग्रजीचे जादा तास लावणार होते, कारण तिथला मध्यक सगळ्यात कमी दिसत होता.

मुख्याध्यापकांना 352 चा आकडा उद्या परत घ्यायला सांगते. नऊ जणांचे भूमितीचे तास शाळेआधी घ्यायचे म्हटलं, तर त्यातल्या चौघांची एसटी साडेदहाला पोचते. शाळा सुटल्यावर घेतले तर परतीची गाडी चुकते. कोणी असं जमवलं असेल तर लिहा, भाऊ.