मदत हवी आहे : सोनं-सोनं टक्करीत पायॉन उदंड, के-प्लस नावालाच

नमस्कार मंडळी,

धामणगाव रेल्वेजवळच्या एका गावात राहतो, तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि जमेल तशी पीएचडी रेटतोय. गाईड नागपूरला. आसपास या विषयातलं कोणी नाही, म्हणून इथं विचारतो.

यूआरक्यूएमडी (अशा टक्करी संगणकावर घडवणारा प्रोग्राम) वापरून सोन्याची दोन केंद्रकं एकमेकांवर आदळवतोय. बीमची ऊर्जा दर न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) १.२३ जीईव्ही, म्हणजे जर्मनीत डार्मस्टाटला हेडीस या प्रयोगानं घेतलेलीच टक्कर. कॅस्केड मोड (कण नुसते आदळतात, मधलं बल धरलेलं नाही), इम्पॅक्ट पॅरामीटर (बी, दोन केंद्रकांच्या मध्यांमधलं आडवं अंतर) ० ते ४.७ फर्मी, म्हणजे सगळ्यात मध्यवर्ती १० टक्के टक्करी.

अडचण अशी. हेडीसनं या गटात दर टक्करीमागे सुमारे १७ ऋण आणि ९ धन पायॉन (टक्करीत नव्यानं तयार होणारे हलके कण) मोजलेत. माझ्याकडे दोन्ही बरेच जास्त येतात. गंमत म्हणजे त्यांचं गुणोत्तर मात्र १.९ च्या आसपास बसतं. सगळे पायॉन डेल्टामधून (न्यूक्लिऑनची अल्पायुषी उत्तेजित अवस्था) आले असं धरून कागदावर केलं, सोन्यात ११८ न्यूट्रॉन आणि ७९ प्रोटॉन, तर १.९५ येतं. म्हणजे वाटणी बरोबर, गठ्ठाच मोठा. इनपुट फाइल डोळ्यात तेल घालून तपासली. काय सुटतंय?

दुसरं, के-प्लस (धन काओन, पायॉनहून जड कण). न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन टक्करीत के-प्लस निघायला किमान १.५८ जीईव्ही लागतात, आपल्याकडे १.२३ च आहेत. तरी फर्मी गती (केंद्रकातली न्यूक्लिऑनची स्वतःची हालचाल) आणि मधल्या डेल्टाच्या जोरावर तो निघतो, हे समजतं. पण इतके कमी निघतात की स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेचे किती, याचा आलेख) काढायला गेलं तर ठिपके पार विस्कटलेले.

तिसरं, लाइन. इथं ती कधी जाईल याचा नेम नाही. इन्व्हर्टर घरच्या पंख्यांनाच पुरत नाही. रात्रभराचा रन पहाटे मेलेला सापडतो. काही उपाय?

प्रतिसाद १

सर, पहिल्यांदा एक बघा : इम्पॅक्ट पॅरामीटर ० ते ४.७ मध्ये सपाट वाटलाय की बी-च्या प्रमाणात? सपाट असेल तर अगदी मधोमध होणाऱ्या टक्करी फाजील येतात आणि पायॉन फुगतात.

ते ठीक असेल तर सगळा दोष स्वतःच्या फाइलवर घेऊ नका. २०२० मध्ये हेडीसनं आपले पायॉन पाच ट्रान्सपोर्ट मॉडेलांशी (यूआरक्यूएमडीच्या जातीच्या) ताडून पाहिले, तिथंही मॉडेलं जास्तच देत होती. शिवाय कॅस्केडमध्ये न्यूक्लिऑन नुसते आदळतात, एकमेकांना ढकलत नाहीत. या ऊर्जेला ते चालत नाही. पोटेन्शियल (न्यूक्लिऑनांमधलं बल) लावलं की केंद्रकं इतकी दाबली जात नाहीत, ऊर्जेचा काही भाग दाबातच अडकतो आणि पायॉन उतरतात.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण सर, पोटेन्शियल लावाल तर लॅपटॉपची कसोटी आहे. ३९४ न्यूक्लिऑन म्हणजे ७७ हजारांवर जोड्या, आणि त्यांचं बल प्रत्येक टाइमस्टेपला मोजायचं. आधी दोन-चार टक्करी चालवून वेळ पाहा, मग रात्रीचा हिशेब मांडा.

के-प्लसचं गणित सोपं आहे. हेडीसच्या मोजणीत, मध्यवर्ती १० टक्क्यांत, शंभर टक्करींमागे सहाएक. हजार टक्करींत साठ, म्हणजे नुसत्या एकूण आकड्यावर १३ टक्के चूक, आणि तेच साठ तुम्ही स्पेक्ट्रमच्या खणांत वाटताय. ठिपके विस्कटणारच. तीन टक्क्यांवर यायचं तर वीसेक हजार टक्करी धरा.

लाइनचं म्हणाल तर मोठा रन करूच नका. शंभर-शंभर टक्करींचे तुकडे करा, दर तुकड्याची आउटपुट फाइल वेगळी. लाइन गेली तर एकच तुकडा बुडतो. फक्त रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) प्रत्येकाला वेगळा आणि हातानं द्या. एकच सीड दोनदा गेला तर त्याच टक्करी पुन्हा मोजल्या जातात, एरर बार उगाच लहान दिसतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. कूलरची हवा लॅपटॉपवर थेट येऊ देऊ नका, हे आपलं जाता जाता.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. वाटणी बी-च्या प्रमाणातच आहे, तेव्हा आज रात्री पोटेन्शियलसह चार टक्करी लावतो. सीड हातानं देतो, फाइलच्या नावातच टाकतो.

एक उपप्रश्न. काओस प्रयोगानं के-प्लससाठी सोनं-सोनं आणि कार्बन-कार्बन यांचं दर न्यूक्लिऑनमागचं गुणोत्तर काढलं होतं, कारण त्यात मूळ क्रॉस सेक्शनमधली (एका टक्करीत के-प्लस निघण्याची शक्यता) अनिश्चितता बरीचशी कटते, आणि त्यावरून अवस्थासमीकरण मऊ (म्हणजे केंद्रकातला पदार्थ दाबायला सोपा) असल्याचा निष्कर्ष निघाला. कार्बनमध्ये मोजून बारा न्यूक्लिऑन, तेव्हा रन झटपट होईल, पण के-प्लस आणखीच दुर्मिळ. मग माझ्या मोजक्या रात्री सोन्याला द्याव्यात की कार्बनला? कोणी हे गुणोत्तर स्वतः काढलंय का?