सल्ला हवा: एकाच कार्डावर सीरियल, डिजिटल इनपुट आणि काउंटर, लिनक्स ड्रायव्हर लिहायचा आहे (बजेट १५,०००)

शिरोलीकर_मेघा
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात देखभाल बघते. टेस्ट बेंचच्या पीसीत एक पीसीआय एक्स्प्रेस कार्ड आहे. चार सीरियल पोर्ट, सोळा डिजिटल इनपुट आणि एक पल्स काउंटर. कार्ड बनवणाऱ्यांनी धंदा बंद केला. ड्रायव्हरचा सोर्स आहे, पण २.६.३२ कर्नलचा (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा). जुना पीसी गेला. नव्यावर डेबियन १२, म्हणजे ६.१ कर्नल. कंपाइल करायला मेक मारलं की पानंच्या पानं एरर. सी येतं, मायक्रोकंट्रोलरवर काम केलंय, कर्नलला कधी हात लावला नाही. सरावासाठी काय घेऊ? वेळ तीन महिने. कारखान्याचं कार्ड एकच आहे, त्यावर प्रयोग करायचे नाहीत.

डोंबिवली_गेट्स
एफपीजीए (आतलं सर्किट स्वतः ठरवता येणारी चिप) बोर्डच घ्या, पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये बसणारा. मला पंचेचाळीस हजार पडले, पण एकाच कार्डावर तीन फंक्शन (सिस्टिमला स्वतंत्र उपकरण म्हणून दिसणारे भाग) स्वतः बनवली. एलएसपीसीआयमध्ये (पीसीआय कार्डांची यादी दाखवणारी कमांड) तीन ओळी दिसल्या त्या दिवशी घरी पेढे आणले. पैसे वसूल.

चिंचवड_कर्नल
ताई, खरेदी नंतर. आधी एलएसपीसीआयला एनएन आणि व्हीव्ही लावून आउटपुट बघा. एका कार्डाच्या ०३:००.०, ०३:००.१ अशा अनेक ओळी आल्या तर वाटणी हार्डवेअरनेच केली आहे. एका डिव्हाइसमध्ये आठपर्यंत फंक्शन बसतात, प्रत्येकाची कॉन्फिग स्पेस (ओळख आणि सेटिंगची जागा) वेगळी, आणि कर्नल प्रत्येकासाठी ड्रायव्हरचं प्रोब (उपकरण सापडल्यावर चालणारं फंक्शन) स्वतंत्र बोलावतो. मग छोटे छोटे वेगळे ड्रायव्हर लिहायचे. एकच ओळ आली तर वाटणी तुम्हाला करायची आहे. दोन्हींचा आराखडा पूर्ण वेगळा.

साताऱ्याचा_सुभाष
चार यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घ्या, दोन हजारांत काम होतं. आमच्याकडे तीन वर्षं चालू आहेत.

शिरोलीकर_मेघा
@सुभाषदादा, काउंटर आणि इनपुटचं काय करू? बेंचचं निम्मं काम त्यांच्यावर आहे.
@चिंचवड_कर्नल, एकच ओळ, ०३:००.०. एकच बार (कार्डाची रजिस्टरं दिसतात तो मेमरीचा पट्टा), ४ केबीचा.

चिंचवड_कर्नल
म्हणजे एक फंक्शन, आत तीन संसार. प्रोब एकदाच येणार. बार मॅप करणारा आणि इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) घेणारा एक पालक ड्रायव्हर लिहा. सीरियल, इनपुट, काउंटर ही त्याची मुलं. सीरियलची रजिस्टरं १६५५० या प्रचलित सीरियल चिपसारखी आहेत का तपासा. असतील तर सीरियलचा ड्रायव्हर लिहूच नका, कर्नलमधल्या ८२५० ड्रायव्हरकडे पोर्ट नोंदवून द्या. बहुतेक कार्डांत १६५५० च असतं. चार पोर्टचं काम तिथेच मिटतं.

बिट_बारामती
पालक-मुलं करायचं तर कर्नलमधली एमएफडी (मल्टी-फंक्शन डिव्हाइस) व्यवस्था वापरा. वर्षानुवर्षं त्यासाठीच आहे.

प्राजक्ता_म्युनिक
असहमत. कर्नल ५.११ पासून ऑक्झिलरी बस (एका ड्रायव्हरचं काम भागांत वाटायची सोय) आहे आणि ती अशाच कार्डांसाठी आणली. एमएफडीची मुलं प्लॅटफॉर्म डिव्हाइस (बसवर आपोआप न सापडणारी उपकरणं) होतात, पीसीआयच्या पोटात प्लॅटफॉर्म डिव्हाइस कशाला?

बिट_बारामती
कर्नलमध्येच पीसीआय पालकाखाली एमएफडी वापरणारे ड्रायव्हर आहेत. चालतात की.

प्राजक्ता_म्युनिक
चालतात म्हणून आज नव्याने तेच लिहायचं का? मी दोन्ही लिहिलंय. मुलं वेगळ्या मॉड्यूलमध्ये जाणार असतील तर ऑक्झिलरीच नीट.

जुना_हँडलर
हा वाद बाजूला ठेवा, इंटरप्टचं ऐका, माझे दोन आठवडे गेलेत. असंच कार्ड, इंटरप्टची लाइन यूएसबी कंट्रोलरशी शेअर. हँडलरमध्ये (इंटरप्ट आला की चालणारा कोड) मी फक्त सीरियलचे स्टेटस बिट बघायचो. काउंटर ओव्हरफ्लो झाला की त्याचा बिट कुणीच क्लिअर करत नव्हतं, लाइन वर ती वरच. हँडलर म्हणणार 'माझा नाही', यूएसबीही तेच म्हणणार. एक लाख इंटरप्टांत ९९,९०० च्या वर असे बेवारस निघाले की कर्नल 'नोबडी केअर्ड' लिहून ती लाइनच बंद करतो. माझा कीबोर्ड त्याच लाइनवर होता, तोही गेला. आधी सगळ्या भागांचं स्टेटस वाचा, मगच 'माझा नाही' म्हणा.

नांदेड_६४बिट
एमएसआय (लाइनऐवजी मेसेजने येणारा इंटरप्ट) चालू करा, शेअरिंगची भानगडच नाही.

जुना_हँडलर
दुसऱ्या कार्डाशी शेअरिंग मिटेल. पण या कार्डाला एकच व्हेक्टर (इंटरप्टचा क्रमांक) असेल तर तिन्ही भाग त्यातच येणार. वाटणी करावीच लागते.

अमरावती_डब्ल्यूडीके
विंडोज असतं तर ड्रायव्हरच्या डिजिटल सहीसाठीच रडला असता. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून सिक्युअर बूट चालू असलेल्या नव्या इन्स्टॉलेशनवर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलची सही नसलेला कर्नल ड्रायव्हर लोड होत नाही. आमच्या क्लायंटला कोड महिन्यात दिला, सहीच्या कागदपत्रांत त्याहून जास्त वेळ गेला.

प्राजक्ता_म्युनिक
सरावासाठी क्यूईएमयू, पीसीतच आभासी पीसी चालवणारं सॉफ्टवेअर. फुकट. त्यात शिकण्यासाठी बनवलेलं 'एज्यु' नावाचं कार्ड आहे, इंटरप्ट आणि डीएमए (कार्डाने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) दोन्ही देतं. चार पोर्टचं पीसीआय सीरियल कार्डही आहे, तेही एकाच फंक्शनमध्ये, तुमच्यासारखंच. कर्नल पडला तर गेस्ट (आतला आभासी पीसी) पडतो, खरा पीसी नाही.

नांदेड_६४बिट
+१ क्यूईएमयू.

डोंबिवली_गेट्स
क्यूईएमयूवर टायमिंग कळत नाही. बोर्ड घ्या.

बिट_बारामती
क्यूईएमयूच. आणि जुना सोर्स दुरुस्त करत बसू नका. त्यातलं डेव्हइनिट कर्नल ३.८ ला गेलं, जुना प्रॉक एंट्रीचा कॉल ३.१० ला, आयओरीमॅप-नोकॅश ५.६ ला. एक एरर मारली की दहा येतील. अजून एक: इंटरप्ट इनेबलचं रजिस्टर तिन्ही भागांचं एकच असेल, तर वाचून-बदलून-लिहिताना स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घ्याच. नाहीतर इनपुट चालू करताना काउंटरचा बिट पुसला जातो आणि तो दोष महिन्यातून एकदाच दिसतो.

साताऱ्याचा_सुभाष
वाखु (वाचनखूण) साठवली. तरी कन्व्हर्टर स्वस्त पडले असते.

शिरोलीकर_मेघा
सगळ्यांचे मनापासून आभार. रागावू नका, पण मी वेगळंच घेतलं. कोल्हापुरात जुन्या बाजारात साडेतीन हजाराला जुना डेस्कटॉप आणि त्यातच पीसीआयचं दोन सीरियल-एक पॅरलल कार्ड मिळालं. एलएसपीसीआयमध्ये आयडी ९७१०:९८३५, सबसिस्टिम १०००:००१२. कर्नलच्या कोडमधली कमेंट वाचली तर शेवटच्या १ चा अर्थ एक पॅरलल आणि २ चा अर्थ दोन सीरियल. एक फंक्शन, आत तीन भाग. क्यूईएमयू चांगलंच असेल, पण मला वायरला हात लावल्याशिवाय पटत नाही.

कर्नलचा तयार पार्पोर्ट-सीरियल ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केला (म्हणजे आपोआप लोड होऊ दिला नाही) आणि स्वतःचा प्रोब लिहिला. काल रात्री पहिल्या पोर्टच्या पिन २ आणि ३ मध्ये तांब्याची तार अडकवली, 'क' टाइप केला, 'क' परत आला. दुसरा पोर्ट मात्र उघडताच लाइन बंद पडते, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) हुबेहूब तेच 'नोबडी केअर्ड'. @जुना_हँडलर, तुमचा प्रतिसाद आज परत वाचतेय. कारखान्याच्या जुन्या सोर्समधून फक्त रजिस्टरांच्या तक्त्याची हेडर फाइल उचलणार, बाकी कोरं लिहिणार.

जुना_हँडलर
दुसऱ्या पोर्टचा हँडलर नोंदवण्याआधी त्याचं इंटरप्ट इनेबल शून्य करता का? तो भाग इथे टाका, बघतो.