सात वर्षांच्या मुलासाठी घरातलं विज्ञान: किट नको, मग काय?

गौरी_घोडबंदर
नमस्कार मंडळी. मुलगा दुसरीत आहे. प्रयोगाचं किट आणलं की पहिल्या दिवशी उड्या, दुसऱ्या दिवशी खोकं माळ्यावर. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखीही झाला. फेस आला, संपलं. त्याने स्वतः विचार करावा असं काय करता येईल? जागा म्हणजे दोन खोल्या आणि सोसायटीची गच्ची.

उपवनकर
किटमध्ये शेवट आधीच छापलेला असतो, मग शोधायचं काय? ज्याचं उत्तर मूल ठामपणे चुकीचं देईल असा प्रश्न घ्या. 'मुगाला मोड यायला काय काय लागतं?' तो म्हणेल ते कागदावर लिहून घ्या. पाण्याबरोबर ऊन आणि माती हमखास येतात.

पाच वाट्या घ्या, प्रत्येकीत वीस मूग मोजून. पहिलीत कोरडे. दुसरीत दुपदरी ओल्या फडक्यात, ओट्यावर उजेडात. तिसरीत तसेच, पण बंद कपाटात. चौथीत तसेच, फ्रिजमध्ये. पाचवीत वर दोन बोटं पाणी. फडकी सकाळ-संध्याकाळ ओली करायची, निथळत नाही ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

दीड-दोन दिवसांत ओट्यावर आणि कपाटात, दोन्हीकडे मोड दिसतात. ऊन गेलं, माती गेली. इथे मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही! फ्रिजमधले फुटत नाहीत तेव्हा 'आत अंधार असतो म्हणून' असं उत्तर येईल. फक्त कपाटाची वाटी शेजारी आणून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट का बदलायची, हे त्याला तिथेच कळतं, आणि मला सगळ्या प्रयोगात हाच क्षण मोलाचा वाटतो.

सगळं नीट करूनही एखाद-दोन दाणे दगडासारखे राहतात. ते गणंग, त्यांची साल पाणी आत घेत नाही. म्हणूनच वीस दाणे. तीन-चार घेतले तर निकाल फसतो.

ऐरोली_विज्ञान
गच्ची आहे तर सावलीही मोजा. वाळू भरलेल्या बाटलीत वीतभर सरळ काडी, खाली पांढरा पुठ्ठा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि काडी उभी आहे ना ते बघा. गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, म्हणून पुठ्ठ्याखाली पाचर लावून तो समतल करा. फार लांब काडी नको, सावलीचं टोक पुसट होतं.

पावणेबारा ते सव्वा, दर १५ मिनिटांनी टोकावर खूण. 'सावली सर्वांत छोटी कधी?' मुलं बारा म्हणतात. ठाण्यात ती वर्षभरात साधारण १२:२० ते १२:५५ च्या मध्ये येते. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, ठाणे ७३ च्या आसपास. अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सुमारे ३८ मिनिटांचा फरक, उरलेला ऋतूप्रमाणे. १६ मेच्या सुमारास १२:३५ ला सावली काडीच्या बुडाशीच जाते. तो दिवस चुकवू नका.

गौरी_घोडबंदर
मूग आजच मांडते. पाचव्या वाटीचं काय होईल?

उपवनकर
एखादा मोड डोकावेल, वाढणार नाही, पाण्याला वास येईल. दाण्याला हवा पुरत नाही. पण हे त्याला सांगू नका. 'गुदमरले असतील' असं तो म्हणाला तर सहावी वाटी मांडा: दाणे अर्धेच बुडतील एवढं पाणी, रोज बदलायचं.