जोडीदार कॉमिक्स काढणारा: ड्रॉइंग टेबल घरात की बाहेर? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

कोपऱ्यातलं टेबल

या विषयावर बोलताना सगळे 'समजून घ्यावं लागतं' इथेच थांबतात, म्हणून थेट विचारतो. महानगरातलं दोन खोल्यांचं घर. जोडीदार कॉमिक्स काढतो किंवा काढते. टेबल घरात मांडावं, की चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या स्टुडिओत? माझं मत: बाहेर.

आधी जागेचं गणित. इंकिंग (पेन्सिलच्या चित्रावर शाईने रेघा काढणं) करताना हात फार वळत नाही, कागद फिरवावा लागतो. ए-थ्री कागदाचा कर्ण साधारण ५१.४ सेंटिमीटर, म्हणजे तेवढ्या व्यासाचं वर्तुळ कायम रिकामं हवं. शेजारी दौत, पाण्याची दोन भांडी आणि फडकं यांना आणखी २० सेंटिमीटर. ९० बाय ६०च्या खाली टेबल घेण्यात अर्थ नाही, वर खुर्ची मागे सरकायला पाऊण मीटर. दोन खोल्यांत हे बसत नाही म्हणून जेवणाच्या टेबलावर काम सुरू होतं. मग रोज दोनदा आवराआवर, आणि पानं खराब होतात ती त्यातच. ओली शाई वरच्या कागदाला लागते, कोपरे दुमडतात, दौत कलंडते.

दुसरं, वेळ. अमेरिकी मासिक कॉमिकच्या अंकात कथेची साधारण २० ते २२ पानं असतात. पेन्सिल आणि शाई एकाच माणसाकडे असेल तर सुट्ट्या वजा जाता रोज जवळजवळ एक पान पुरं व्हायला हवं. महिन्याच्या सुरुवातीला बुडालेली पानं शेवटच्या आठवड्यात एकदम अंगावर येतात. टेबल घरात असलं की तो आठवडा दोघांच्याही बोकांडी बसतो.

दौत-टाक

गणित बरोबर, उत्तर चुकलं.

जायला एक तास, यायला एक तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे १२ तास. एका पानाच्या इंकिंगला सहा तास धरले तर दोन पानं प्रवासातच गेली. शिवाय मूळ पानं रोज गर्दीतून न्यायची. घामाचा हात लागलेल्या जागी शाई नीट धरत नाही, आणि पाऊस आला तर विचारूच नका.

दुसरी गोष्ट शाई सुकण्याची. टाकाची बारीक रेघ एक-दोन मिनिटांत सुकते. ब्रशने भरलेला मोठा काळा भाग दमट हवेत अर्धा तासही घेतो. वरून कोरडा दिसतो, आत ओला असतो, त्यावर खोडरबर फिरवला की राखाडी फराटा उमटलाच. म्हणजे या कामात सक्तीची रिकामी वेळ आहे. घरी त्या अर्ध्या तासात कपडे वाळत पडतात, स्टुडिओत फोन बघितला जातो.

कोपऱ्यातलं टेबल

कपडे वाळत पडतात हे गृहीत धरणं धाडसाचं आहे! बरं, रात्रीचं काय? चित्रासाठी ५००० केल्विनचा पांढरा दिवा, रंग खरे दिसण्याचा निर्देशांक ९०च्या वर, असं सगळे सांगतात. तो दिवा पहाटे दोनला झोपायच्या खोलीत लावणार?

दौत-टाक

तो दिवा रंगांसाठी आहे. इंकिंगमध्ये फक्त काळं आणि पांढरं बघायचं असतं, त्याला २७०० केल्विनचा पिवळा दिवाही पुरतो. रंगकाम दिवसा, इंकिंग रात्री, अशी वाटणी केली की अर्धं भांडण मिटतं. दिवा टेबलाला क्लॅम्पने पकडलेला हवा, लांब दांडीचा, खोल टोपीचा, कागदापासून ४० सेंटिमीटरवर उतरवलेला. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या डावीकडे, नाहीतर निबच्या टोकावर हाताचीच सावली पडते आणि माणूस वाकून वाकून मान धरून बसतो.

आवाज मात्र मान्य. कडक निब खरखरीत कागदावर शांत खोलीत चांगली ऐकू येते. रात्रीसाठी ब्रिस्टल नावाचा गुळगुळीत जाड कागद आणि ब्रश.

उलटी पाटी

दोघंही जुन्या काळात आहात. पेन डिस्प्ले घ्या, म्हणजे पेनने थेट चित्र काढता येतं असा स्क्रीन. शाई नाही, फराटे नाहीत, दिवाही नको.

सहावं पॅनेल

आणि जागा? २२ इंची डिस्प्ले स्वतःच अर्धा मीटर रुंद असतो, त्याला स्टँड, केबली आणि कीबोर्ड. ए-थ्री पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ७०१६ गुणिले ९९२१ पिक्सेल, जवळपास सात कोटी. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत) एकच पूर्ण थर (लेयर) सुमारे २८० एमबी होतो. दहा थरांवर साधा लॅपटॉप पंखा जोरात फिरवायला लागतो, मग त्याची घरघर निबपेक्षा जास्त. शिवाय विकायला मूळ पान उरत नाही. पुष्कळ चित्रकारांच्या हिशोबात मूळ पानांची विक्री ही खरी मिळकत असते.

कागदवाल्यांनीही खूश होऊ नये, त्यांचं घोडं स्कॅनिंगला अडतं. ए-फोर स्कॅनरची काच साधारण २१६ बाय २९७ मिलिमीटर. ११ बाय १७ इंचाचा कॉमिक बोर्ड (कॉमिकचं पान काढायचा जाड कागद) २७९ बाय ४३२ मिलिमीटर. दोन वेळा स्कॅन केलं तर २१६ अधिक २१६ बरोबर ४३२, म्हणजे जोडायला एक मिलिमीटरही सामायिक नाही! चित्र १० बाय १५ इंचाच्या चौकटीत असेल तर ५१ मिलिमीटर ओव्हरलॅप मिळतो, काम भागतं. कडेपर्यंत जाणारं चित्र असलं की तिसरा स्कॅन घ्या. त्यातही काचेच्या उंच कडेवर बोर्ड टेकून मधोमध उचलला जातो आणि तिथे धूसर पट्टा येतो. झाकण काढायचं आणि वर जाड पुस्तक ठेवायचं. ए-थ्री स्कॅनर घरात कुणी ठेवत नाही, चार जणांच्या स्टुडिओत तो परवडतो. म्हणून माझं मत मधलं: पानं घरी, स्कॅनिंग महिन्यातून दोनदा बाहेर.

नुसती वाचक

टेबल कुठे, यापेक्षा टेबलावर बसलेल्या माणसाशी कधी बोलायचं हे ठरलेलं असावं. कॉमिक्सचं काम एकसारखं नसतं. पटकथा आणि थंबनेल (पानाचा छोटा कच्चा आराखडा) चालू असताना एक वाक्यही खपत नाही, कारण पानाची रचना पूर्ण डोक्यात धरलेली असते आणि 'किल्ली कुठे आहे?' एवढ्यावर ती सांडते. पेन्सिलिंगमध्ये अधूनमधून चालतं. इंकिंगमध्ये गप्पा बिनधास्त मारा, निर्णय झालेले असतात, कान मोकळे असतात. लेटरिंग (संवादाच्या फुग्यांतली अक्षरं लिहिणं) परत बंद: ऐकू आलेले शब्द फुग्यात उतरतात, खरंच उतरतात. बाहेरच्या माणसाला मात्र हे उलटं वाटतं. पेन हातात नाही, नुसतं खिडकीबाहेर बघतोय, म्हणजे रिकामा आहे!

कोपऱ्यातलं टेबल

इंकिंगमध्ये गप्पा? टेबलाला धक्का लागला तर ती रेघ परत येत नाही.

नुसती वाचक

गप्पा मारायच्या, टेबलावर रेलायचं नाही. लांब रेघ चालू असताना श्वास धरलेला दिसतो, तेवढं थांबा. बिघडली तरी पांढरा रंग आहे, नाहीतर त्याच कागदाचा तुकडा चिकटवून पॅनेल (पानावरची एक चौकट) नव्याने काढता येतं. छापताना कळत नाही.

उलटी पाटी

जोडीदाराने मदतच का करू नये? चित्रकार काळ्या जागांवर बारीक फुली मारून ठेवतात, त्या भरायला कौशल्य लागत नाही. पेन्सिल खोडणं, रंगांचे फ्लॅट (प्रत्येक आकारात एकसारखा सपाट रंग) टाकणं, सगळं घरात होईल.

सहावं पॅनेल

इथे ठाम विरोध. जपानी साप्ताहिकांत आठवड्याला साधारण २० पानं निघतात ती पार्श्वभूमी, टोन (ठिपक्यांच्या राखाडी छटा) आणि काळं भरण्यासाठी पगारी असिस्टंट असतात म्हणून. तिथे ज्याला पगार आहे तेच काम घरात 'मदत' म्हणून फुकट होतं. आणि कौशल्य लागत नाही हेही खोटं. फुलीच्या जागेत आधी कडेने बारीक रेघ घेऊन मग आत भरावं लागतं, नाहीतर शाई रेषेबाहेर जाते. खोडताना कागद हाताने ताणून एकाच दिशेने खोडायचं, नाहीतर मधेच चुरगळतो. फ्लॅट टाकताना कडांचं अँटी-अलायसिंग (कडा मऊ करणारी सोय) चालू राहिलं की सॉफ्टवेअरमधल्या बादलीने रंग ओतताना प्रत्येक आकाराभोवती पांढरट किनार राहते. करायचं तर पानामागे ठरवून पैसे द्या.

दौत-टाक

पैशाचं पटलं. पण एक काम जोडीदाराने फुकट करावंच: पहिलं वाचन. कच्चं लेटरिंग झाल्यावर पान पुढे ठेवायचं आणि काही न सांगता बोटाने फुगे वाचायला लावायचे. बोट अडखळलं किंवा चौथ्या पॅनेलवरून चुकून सहाव्यावर गेलं की मांडणी फसली. चित्रकाराला ते स्वतःला दिसत नाही, त्याला कथा पाठ असते. वाचणाऱ्याने 'छान आहे' म्हणू नये. बोट कुठे थांबलं एवढंच सांगावं.

कोपऱ्यातलं टेबल

हे मान्य, आणि यासाठी टेबल घरात असायची गरज नाही, फोटो पाठवला तरी चालतो. माझं मत अजून तेच. तरी घरातच मांडणार असाल तर निदान न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीशी नको, ओलीने बोर्ड वाकतात. पानं आडवी, सपाट, वर वजन ठेवून. ब्रश धुवायच्या आधी कागदावर पुसून घ्या, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये शाईचा ओघळ वाळला की डाग निघत नाही. आणि स्प्रे फिक्सेटिव्ह (चित्र पुसू नये म्हणून मारायचा फवारा) बंद खोलीत कधीच नाही, गॅलरीतच, वाऱ्याची दिशा बघून.

नुसती वाचक

गॅलरीत वाळत घातलेले कपडे आधी काढा.