मणक्याला इजा, आता भावाला कुठे न्यावं?

प्रश्न (चिपळूण): धाकटा भाऊ आंब्यावरून पडला. ऑपरेशन झालं, पण कमरेखाली संवेदना नाही. डॉक्टर म्हणतात, घरी न्या. आई नि मी पार गोंधळलोय.

उत्तर: ताई, थेट घरी नको. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ची. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं), कॅलिपर (पायाला आधार देणारं साधन) सगळं एकाच ठिकाणी.

उत्तर: मी स्वतः व्हीलचेअरवर आहे. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, पाठ न पिळवटता. टाचा, माकडहाड रोज बघा. लाली दिसली की तिथे भार नको. बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, फार छळते हो! आणि कॅथेटर (लघवी काढायची नळी) स्वतः घालायला त्याला शिकवा, असं तिथल्या लोकांना सांगा. हात चांगले आहेत ना त्याचे?

प्रश्नकर्ती: हो दादा, चांगले आहेत. उद्याच एमआरआय घेऊन मुंबईला निघते.