उत्तर: नागपुरात दोन-दोन टीम चालतील का?

24 लाखांच्या शहराला (2011 ची जनगणना) आयपीएल आणि कबड्डी, दोन्ही टीम सहज पोसता येतील असं इथे वरच्या उत्तरांत लोक म्हणून राहिले, मला नाही पटत. डोकी मोजून काय होते, वर्षाला घरच्या किती मॅच आणि त्यातल्या किती लोक खिशातून पैसे काढून बघतील ते मोजा ना. जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम भरते कारण इंटरनॅशनल मॅच कधीतरीच येते. आयपीएल टीमला दोन महिन्यांत सात घरच्या मॅच लागतात, त्याही एप्रिल-मेच्या उन्हात, आणि मेट्रो जामठ्याच्या अलीकडे खापरीलाच संपते, पुढचं रात्री अकरानंतर कसं यायचं हे जाऊन आलेल्याला विचारा. 2010 मध्ये डेक्कन चार्जर्स ही आयपीएल टीम जामठ्याला खेळली, पण टीम हैदराबादचीच राहिली.

आता कबड्डीचं नीट कोणी बोललंच नाही. 2017 ला प्रो कबड्डी लीगमधल्या बेंगळुरू बुल्सच्या घरच्या मॅच इथे मानकापूरच्या स्टेडियमला झाल्या, मी पुतण्याला घेऊन गेलो होतो. पहिल्या दिवशी लोक कोणाचीही रेड असो, टाळ्या वाजवत होते, आपलं कोण तेच ठरत नव्हतं, दोन दिवसांनी गेलो तर मागच्या रांगेतल्या काकू बुल्सच्या रेडरला नावानं हाक मारून ओरडत होत्या, पुतण्याचा तर आवाजच बसला. पुढच्या सीझनला ती टीम इथे नव्हती. पोरगा महिनाभर विचारत होता, आपली टीम कधी येणार. मानकापूर शहरातच आहे, छताखाली आहे, म्हणून माझं मत, आधी नागपूरच्या नावाची एक कबड्डी टीम पाच वर्षं टिकवा, दुसरीचं मग बघू.